रिकाम्या बंडीचं वजन

माझं लग्न पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर, बैलगाड्यांच्या रांगेत ठरलं. त्याच रांगेत ते जवळजवळ मोडलंही होतं.

कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेले आणि केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्यांची, रांग पार हायवेला टेकलेली. मुलीच्या वडिलांची बंडी आदल्या दिवसापासून रांगेत होती आणि जागा सोडली की नंबर गेला. त्यांनी निरोप धाडला, "पाहुण्यायले इकडंच घेऊन या."

परदेशातल्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलेला मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात तिथं हजर झालो. सोबत मामा. मुलगी वडिलांचा डबा घेऊन आली होती. बघण्याचे पोहे मला डब्याच्या झाकणात मिळाले आणि ते मी खाताना आजूबाजूच्या बंडीवाल्यांनी मला पोटभर बघून घेतलं.

मामांनी सूर उंच लावला. "आमचा भाचा ब्रह्मांडातलं काळं द्रव्य शोधून राह्यला!"

"शोधत नाही," मी म्हणालो. "शोधणाऱ्यांना मदत करतो."

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. पण वडिलांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करता?"

श्रोते दिसले की माझ्या अंगात येतं. मी बाह्या सरसावल्या. आकाशात काळं द्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, आहे पण दिसत नाही, असं सांगितलं. ते आपसात भिडून प्रतिद्रव्याचे कण सोडत असावं, असा अंदाज आहे. शोधणारे अवकाशात यंत्रं पाठवून ते कण मोजतात. पंचाईत अशी, की अगदी तसेच कण साध्या टकरींतूनही होतात. वेगात निघालेला प्रोटॉन वाटेतल्या वायूवर आदळला, झाला कण! मग सापडलेला कण कुणाचा म्हणायचा? म्हणून आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम प्रोटॉन हेलियमवर आपटतो आणि साध्या टकरींतून किती प्रतिद्रव्य निघतं ते मोजतो. तेवढं वजा केलं की उरलेलं काळ्या द्रव्याचं.

रांगेत फक्त बैल रवंथ करत होते. मी केंद्राच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "तिथं आधी भरलेली बंडी मोजतात, मग रिकामी. वजाबाकी केली की कापूस. तर आम्ही रिकामी बंडी मोजतो."

"अन् भरलेली?" वडील म्हणाले.

"ती दुसरे मोजतात."

"कापूस निघाला तं नाव कोनाचं?"

"त्यांचं."

"अन् नाहीच निघाला तं?"

"तरी रिकाम्या बंडीचं वजन बरोबर राहतं," मी अभिमानानं म्हणालो.

मागच्या बंडीवरून आवाज आला, "काहो भाऊ, पोट्टी रिकाम्या बंडीवाल्याले देऊन राह्यले काय?"

सगळी रांग हसली. मुलगीही हसली, पदर तोंडाला लावून. आणि त्या हसण्यावर मी पुरता गारद झालो. तोवर मी केवळ आईच्या हट्टापायी आलो होतो. आता मला ही मुलगी हवी होती, आणि तिचे वडील माझ्याकडे बघायचे थांबले होते.

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. भरलेली बंडी काट्यावर चढली, वजन झालं, कापसात हात घालून ओलीपोटी किती वजन कापायचं तेही ठरलं, कापूस उतरला. रिकामी बंडी पुन्हा काट्यावर आली. हीच वेळ! मी उडी मारून तिच्यात उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले.

"मंडळी, हिला हलकी समजू नका! हिच्या वजनात चूक झाली, तर सगळा कापूस चुकला! म्हणूनच आमच्यासारखी माणसं जन्मभर..."

"अहो, उतरा खाली!" मुलगी ओरडली. "बाबाच्या कापसातून तुमचं वजन कटून राह्यलं!"

काटेवाल्यानं आकडा लिहिलाही होता. मी खाली आलो तो काट्यावरून थेट धुळीत. रिकाम्या बंडीचा तज्ज्ञ तो मीच. मामा दुसऱ्याच कुणाचे पाहुणे असल्यासारखे तंबाखू मळू लागले.

काटेवाल्यानं निमूटपणे पहिला आकडा खोडला, बंडी पुन्हा मोजली आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली. मग त्यानं मोठ्यानं हाक दिली, "भाऊ, जावयाचं वजन निघालं!"

जावई हा शब्द त्या आवारात पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, बंडीकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे तिकडं तुमची चूक झाली," डोळे पुसत ते म्हणाले, "तं आभाळवाल्याचा सगळा हिशेब बोंबलते?"

"सगळा."

"मंग काम लहान नाही." ते मुलीकडे वळले. "काय वं, माल घ्याचा का?"

तिनं माझ्या शर्टाकडे पाहिलं. तो घामानं पाठीला चिकटला होता.

"घेऊ," ती म्हणाली. "पण ओल लई आहे. तेवढं वजन कापून लावा."