सासऱ्यांसाठी पाठ केलेली ओपनिंग

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासरे माझ्याशी थेट बोलत नसत. घराणं तंजावरकडे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी लोकांचं, आणि मी नोकरीसाठी नाशिकहून चेन्नईत येऊन टपकलेला. माझं मराठी त्यांना उद्धट वाटे, त्यांचं मला अर्धंच कळे. मी समोर बसलेलो असताना ते मुलीला विचारत, "त्यांस कापी पायजे काय?" मीही तिलाच सांगे, की कॉफी हवी आहे. बाहेर मी या प्रकाराची टिंगल करायचो, पण मला ते फार लागायचं.

टी. नगरच्या त्यांच्या घरी दर रविवारी ते एकटेच बुद्धिबळाचा पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळत. मला तेव्हा उंट तिरका चालतो की सरळ, हेही धड ठाऊक नव्हतं. तरी ठरवलं, शिकायचं आणि समोर जाऊन बसायचं. शह द्यायला तरी त्यांना तोंड उघडावंच लागेल.

फोनवर ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवणारा व्हिडिओ कोर्स घेतला. ओरगडमच्या कारखान्याला जाणाऱ्या बसमध्ये रोज तासभर अभ्यास. मास्तर चार चाली समजावणार, मग व्हिडिओ थांबवून विचारणार, आता काय खेळाल? चुकलो की पट लाल होऊन टुंग वाजे आणि सोंगटी मुकाट मागे जाई. शेजारी घोरणारा फोरमन दर टुंगला दचकून माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघे. तीन महिन्यांत पांढऱ्याच्या बारा-बारा चाली मला आरतीसारख्या पाठ झाल्या. अर्थही आरतीइतकाच कळत होता.

एका रविवारी समोर जाऊन बसलो. सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं, पण ती शहाणी स्वयंपाकघरात सटकली. मी ऐटीत राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्यांनी एका बोटाने ते एक घर मागे ढकललं. मी पुन्हा पुढे, त्यांनी पुन्हा मागे. तेव्हा कुठे उजेड पडला. या घरात जुना देशी खेळ चालायचा, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. तीन महिन्यांची विद्या पहिल्याच चालीत पाण्यात गेली. बायकोला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण तिचं म्हणणं, मी विचारलं कुठे होतं?

पुढे सुचेल ते खेळलो. त्यांचा राजा एकदा घोड्यासारखी उडी मारून निसटला, तेही त्यांच्यात चालतं म्हणे. सपाटून हरलो आणि तोंड लपवायला उठलो.

"बसा," सासरे म्हणाले. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं, ते माझ्याकडेच बघत होते. "आमचा थोरला भाऊ, अण्णा, गेलेवर माझ्यासमोर कोणी बसलं नाहीं. पोरांस हा खेळ नको."

मी परत खाली बसलो. सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.

"मला येत नाही, बाबा," मी म्हणालो. "तुम्ही शिकवा."