चिमटीत काय आलं?

अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये वजनाला रकाना आहे, उंचीला आहे, किस्स्यांना नाही. त्यामुळे ते माझ्या डोक्यात साठत जातात आणि चार मैत्रिणी भेटल्या की बाहेर पडतात. आमचा कोळीवाडा रेवदंड्याजवळचा, मुलं तीनेक वर्षांची. लिहिण्याआधी बोटं तयार व्हावीत म्हणून आम्ही कणीक, कागद, मणी असले खेळ घेतो. पुढचं मुलंच बघतात!

*

एकदा रंगीत कणीक दिली. वीरने सहा मासे केले. थोड्या वेळाने मासे गायब! शोधलं तर बाहेर कट्ट्यावर, मीठ लावून ओळीने मांडलेले.

"अरे, हे काय?"

"सुकवाय घातलेत. पावसात खायला!"

आमच्या मदतनीस लताताई तोवर खिचडीसाठी मिठाचा डबा शोधत होत्या.

*

ओवीचं वेगळं. सातव्या महिन्यात जन्मलेली, उजवी मूठ कायम मिटलेली. तिची आई सुगंधा बाजारात मासळी विकते. दुपारी न्यायला आली की रोज एकच प्रश्न, "बाई, चालंल ना वो हिचा हात?"

डॉक्टर म्हणाले होते, हाताने खेळू दे, वेळ लागेल. मीही तेच सांगायची. पण खरं सांगते, धास्ती मलाही होती.

*

कागदाच्या पट्ट्या फाडायला शिकवलं, तर आर्याने घरी जाऊन काकाच्या लग्नाच्या वाटायच्या पत्रिका फाडल्या! वडील तावातावाने आले. "बाई, हे तुमचं शिक्षण?"

मी घाबरतच विचारलं, "पट्ट्या सरळ आल्यात का?"

त्यांनी खिशातून एक काढून निरखली. "सरळ तर हायत... एकदम सरळ!"

ओवीनेही त्या आठवड्यात कागद फाडला. वाकडातिकडा, पण दोन्ही हातांनी.

*

जाळी विणणारे धर्माआजोबा एकदा भांडायलाच आले. "पोरांना एबीसीडी शिकवा, मणी कसले ओवताय?" मी लेस आणि मणी त्यांच्यापुढे ठेवले.

तासाभराने मुलं रडत माझ्याकडे. "बाई, आजोबा मणी देत न्हायत!"

*

परवा चिकटकाम होतं. कागदावर माशाचं चित्र, त्यावर डिंकाने टिकल्या लावायच्या. ओवी टिकली धरायला जायची, टिकली निसटायची. दुपार झाली तरी तिचा मासा कोराच.

सुगंधा बाजारातून थेट आली, पाटी उतरवून लेकीसमोर बसली. गालावर माशाचा खवला चिकटलेला, चमकत होता. ओवी बघत राहिली. मग उजवा हात पुढे केला, अंगठा आणि एक बोट, आणि तो खवला अलगद उचलून आपल्या माशावर चिकटवला!

मला तर रडूच आलं. सुगंधाने दुसरा गाल पुढे केला.

"हिकडं पन हाय बघ, काढ."

तिकडे काहीच नव्हतं.