न झालेला मुतखडा

लेक पाच वर्षांची होती. लघवीला बसली की रडायची आणि वरचेवर तापायची. नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली. म्हणाले, "लघवी उलटी किडनीकडे चढते आहे. मी मोठ्या माणसांचा डॉक्टर. हिला लहान मुलांच्या युरोलॉजिस्टकडे न्या; माझ्या माहितीत तसा कुणी नाही. उशीर केला तर किडनी जाईल."

फोनवर शोधलं तर नुसत्या जाहिराती. भरवशाचं नाव माणसांनाच विचारायला हवं होतं. पण पिंपळगाव रेणुकाईत, आमच्या घरी, माझ्या आईचा हुकूम निघाला, "पोरीची जात हाय. गावात कुनाला सांगायचं न्हाई. उद्या पाहुणे पाहायला येतील तवा लोक हेच उकरून काढतील." पाहुण्यांना अजून पंधरा वर्षं होती, आईने मांडव आत्ताच घातला होता.

मग मी नाटक उभारलं. रोग लेकीचा, रोगी मी. पारावर कंबर धरून बसलो, थोडा कण्हलो. कण्हणं मला फार छान जमतं. "लघवीचा डॉक्टर पाहून राह्यलो," म्हटलं.

गावाने मला लगेच मुतखडा देऊन टाकला. शेजारचे काका रोज सकाळी हुलग्याचं कढत पाणी घेऊन दारात हजर. "माझा खडा याच्यानंच पडला. पी, माझ्यासमोर." मी प्यायचो. डॉक्टरांची दोन नावंही मिळाली, दोन्ही म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटची. लहान मुलांचा डॉक्टर विचारावा, तर चाळिशी उलटलेल्या माणसाला तो कशाला? आणि घरात लेक पुन्हा तापलेली.

तिसऱ्या आठवड्यात काका पेला धरून उभे होते आणि न्हाणीतून तिचं रडणं आलं. मी पेला घेतलाच नाही.

"काका, मला खडा न्हाई. आजार तिला आहे."

काकांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"माझ्या नातीलाबी हेच झाल्तं. संभाजीनगरला नेलं, लेकरांचाच डॉक्टर हाय तिथं. आता बराबर हाय ती."

"आणि तुमचा खडा?"

"मला कुठला खडा."

नंबर मिळाला, कुणी दिला ते न सांगण्याच्या अटीवर. चौथ्या दिवशी तपासणी झाली. किडनी सुजली होती, पण शाबूत होती. औषध सुरू झालं; ऑपरेशनचं सहा महिन्यांनी ठरणार.

परतलो तर पारावर माणसं बसलेली आणि काका पेला घेऊन उभे. दोघांनाही सुटका नव्हती. मी प्यालो.

"गुण येऊन राह्यला ना?" काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"बिलकुल," मी कंबर धरून म्हणालो.