काकांनी मला ओढून आणलं

दत्ताकाकांच्या अंत्यदर्शनाच्या दिवशी शालिनीकाकूंनी माझा हात धरला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बहिणीला सांगितलं, "हाच तो मिलिंद. बर्फात ह्यांचं मशीन बंद पडलं होतं ना, तेव्हा ह्यानंच ओढून आणलं त्यांना. नाहीतर तेव्हाच काहीतरी..." बहिणीनं, सत्तरीच्या बाईनं, माझ्यापुढे हात जोडले. आणि मी काय केलं? मान हलवली. "अहो, असू दे मावशी," असंही म्हणालो. समोर काका पेटीत निजलेले, कोट घातलेला, नाकावर नेहमीचा चष्मा. बंद पडलं होतं ते माझं मशीन. काकांनी मला ओढून आणलं होतं. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातलं एक समोर निजलं होतं आणि दुसरं मान हलवत होतं.

ह्याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मी हा लेख लिहायला बसतो आणि उठतो. 'एक उमदा माणूस गेला' वगैरे लिहिता आलं असतं, इथल्या मराठी मंडळातल्या तिघांनी तसं लिहिलंही आहे, आणि त्यातलं काही खोटं नाही. पण मी ते लिहिलं तर माझ्यासारखा निर्लज्ज मीच.

मशीन म्हणजे स्नोमोबाइल. भारतातल्या वाचकांनी पाहिलं नसेल म्हणून सांगतो. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी बैठक. गोठलेल्या तळ्यांवरून आणि जंगलातल्या वाटांवरून सुसाट पळणारं. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत जाऊन भाकरीचं पीठ आणि कैऱ्या आणणाऱ्या आमच्या मराठी लोकांत ह्या खुळाचे दोनच पेशंट होते, काका आणि मी. काका मूळचे इचलकरंजीचे. मी जन्मलोही नव्हतो तेव्हा इंजिनिअर म्हणून इकडे आले आणि एकाच कारखान्यात निवृत्तीपर्यंत राहिले. मी २००१ साली पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलो. पहिल्या हिवाळ्यात मी घरात बसून कुढत होतो, तेव्हा मंडळाच्या तिळगुळाला हा ताठ, काळासावळा गृहस्थ जवळ आला आणि म्हणाला, "थंडीला भिऊन किती वर्सं काढणार लेका? चल की माझ्याबरोबर वर." वर म्हणजे मिशिगनच्या उत्तरेला, ट्रेलर जोडून सहा-सात तासांवर. मी गेलो. त्या दिवसापासून मला हिवाळा आवडायला लागला. परदेशात कुणी कुणाला ह्याहून जास्त काय देणार?

काकांचं मशीन नव्वदच्या आसपासचं. टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरचं, दोरी ओढून सुरू करायचं. थंडी किती आहे ते पाहून काका त्याचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलायचे, धुराचा वास घेऊन इंजिनाची तब्येत सांगायचे. चार वर्षं मी भाड्याची मशिनं चालवली आणि २००५ च्या शेवटी एकदम नवंकोरं घेतलं. फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शन, बटन दाबलं की सुरू, रिव्हर्ससुद्धा. आणि मग आमची तुलना सुरू झाली. तळ्यावर शर्यत लावली तर सुरुवातीला काका पुढे, कारण त्यांचं मशीन हलकं. पण अर्धं तळं ओलांडेस्तोवर मी त्यांना मागे टाकायचो. वळणावर तर विचारूच नका. माझ्या मशीनवर बसायची जागा पुढे सरकवलेली, गुडघे वाकवून उठता यायचं, खाचखळग्यांत पाठीला दणका नाही. काका मागे रेलून बसायचे आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचं हेल्मेट उडायचं. एकदा मी त्यांना माझं चालवायला दिलं. परत आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "झ्याक आहे. ताकदीला माझ्यापेक्षा सरस, वळायला तर लोण्यासारखं. उगं खोटं कशाला बोलू?" हे काका! स्वतःच्या लाडक्या वस्तूबद्दलही मशीनच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नाहीत. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

२००६ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघंच गेलो होतो. काकांनी निघताना विचारलं होतं, "जादा बेल्ट घेतलास ना?" इंजिनाची ताकद मागच्या पट्ट्याकडे नेणारा एक रबरी बेल्ट असतो. तो कधीही तुटू शकतो म्हणून शहाणी माणसं दुसरा जवळ बाळगतात. मी "हो हो" म्हटलं. घेतला नव्हता. बेल्ट ठेवायच्या खणात मी चिवड्याचा डबा आणि चहाचा थर्मास कोंबला होता. नवीन मशीनचा बेल्ट कशाला तुटतोय! दुपारी एका उतारावर वाट सोडून मी मऊ बर्फात मशीन घातलं, रुतलं, आणि उतरून बर्फ काढायचा सोडून मी शहाण्यासारखा थ्रॉटल दाबत बसलो. जळक्या रबराचा वास आला आणि बेल्टच्या चिंध्या झाल्या. काका मागे वळून आले. त्यांचा जादा बेल्ट माझ्या मशीनला बसेना. मी आईशपथ सांगतो, त्यांनी एक शब्द ऐकवला नाही. फक्त खण उघडून चिवड्याचा डबा पाहिला आणि म्हणाले, "आण, आधी खाऊन घेऊ."

मग त्यांनी दोर काढला, माझ्या दोन्ही स्कींना बांधला आणि सव्वीस मैल मला ओढत आणलं. वाटेवर नुसता टणक बर्फ होता. त्यावर त्यांचं इंजिन तापायचं, कारण सैल बर्फ खालून उडून लागला तरच ते गार राहतं. म्हणून दर दोन-तीन मैलांवर ते वाटेच्या कडेला भुसभुशीत बर्फात थांबायचे, हातांनी बर्फ उचलून इंजिनाखाली सारायचे, मला विचारायचे, "पाय बधिर न्हाईत ना रं?" आणि पुन्हा निघायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस दर मिनिटाला मान मागे वळवून माझ्याकडे बघत होता. आम्ही दिवस मावळायच्या आत मोटेलवर पोचलो. तिथे ते मशीन बंद करून त्याच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास." मला वाटलं मला म्हणाले. मशीनला म्हणाले होते.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात वाचायला मी एक विनोदी लेख लिहिला. जुनं मशीन विरुद्ध नवं. ताकद, हाताळणी आणि भरवसा, तिन्हींना दहापैकी गुण. पहिल्या दोन्हींत नवं जिंकलं, ते खरंच होतं. तिसऱ्यात मी बेल्टची गोष्ट जशी घडली तशी लिहिली होती. पण त्या ऑक्टोबरात माझे सासरे आले होते. सासरे बँकेतून निवृत्त, शिस्तीचे. गॅरेजमधलं माझं मशीन पाहून ते एवढंच म्हणाले होते, "हं. खेळणं छान आहे." ते "हं" मला आठवडाभर झोपू देईना. आणि हा माणूस आता पहिल्या रांगेत बसून ऐकणार की जावई चिवड्यापायी बेल्ट विसरला आणि म्हाताऱ्यानं त्याला दोरीनं ओढत आणलं? कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी तिसरा भाग उलटा केला. फक्त नावं बदलली. काकांचं मशीन बंद पडलं, मी ओढून आणलं. विनोदी लेखात एवढं चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. काकांना फोन करून आधी विचारावं, हे सुचलं होतं. मुद्दामच केला नाही.

लेख काय रंगला! 'काका बर्फात मांडी घालून मशीनपुढे आरती म्हणू लागले, पण देव काही पावेना' ह्या वाक्याला तर टाळ्या पडल्या. काका सासऱ्यांच्या शेजारीच बसले होते. पहिली दोन पानं ते सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. तिसरं पान सुरू झालं, माझी नजर त्यांच्याकडे गेली. ते हसत नव्हते. रागावलेही नव्हते. कुणी ओळखीचा माणूस दुसऱ्याच भाषेत बोलायला लागावा तसे माझ्याकडे बघत होते. वाचन संपल्यावर मी खाली आलो तेव्हा सासरे त्यांना विचारत होते, "काय हो, खरं का हे? आमच्या जावयानं ओढून आणलं तुम्हाला?" काकांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "व्हय की. ओढूनच आणलं पोरानं."

मशीनच्या बाबतीत त्यांचं ते एकमेव खोटं. माझ्यासाठी बोलले. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चला काका, जेवायला चला, श्रीखंड संपेल."

इथं सगळं संपलं असतं तर मी हे कदाचित पोटातच ठेवलं असतं. पण ते वाचन काकूंनीही ऐकलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी धोशा लावला. ह्या वयात, त्या जंगलात, बंद पडणारं मशीन घेऊन जायचं नाही म्हणजे नाही. मिलिंद होता म्हणून वाचलात, पुढच्या वेळी कोण येणार? काकांना एका वाक्यात हे संपवता आलं असतं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्यांचा मला फोन आला. "विकायचं म्हणतो मशीन. ते इंटरनेटवर जाहिरात टाकतात ना, तू लिहून दे." मी गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून इंग्रजीत जाहिरात लिहिली. मराठीत सांगायचं तर त्यातलं एक वाक्य असं होतं: 'सोळा हिवाळे चालवलं, एकदाही वाटेत दगा दिलेला नाही.' परक्या माणसासाठी मी खरं लिहिलं. आपल्या माणसांसमोर नाही लिहू शकलो. काकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हे बरोबर लिहिलंस." काकू तिथंच पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळत होत्या. तोंड उघडायला त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

मशीन चार दिवसांत गेलं. नंतरच्या दोन हिवाळ्यांत मी काकांना दर वेळी विचारायचो, भाड्याचं घेऊ, चला. "पाठ दुखते रं," म्हणायचे. मला तो सुटका करणारा बहाणा वाटायचा आणि मी लगेच मान्य करायचो. ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांबरोबर वर जायचो. परत आलो की काका फोनवर विचारायचे, "कुठली वाट धरलीत? तळं पुरतं गोठलंय का?" आणि मी पाच मिनिटांत फोन ठेवायचो, कारण ऐकवत नव्हतं. ह्या मार्चमध्ये ते गेले. हृदयविकाराचा झटका, सकाळी, पेपर वाचताना. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. मला तेवढंही बरं वाटून घ्यायचा हक्क नाही.

गेल्या रविवारी मी काकूंकडे गेलो. बायकोला, अमृताला, आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, ती एवढंच म्हणाली, "बाबांना मी सांगते. काकूंना तू सांग. आणि रडून दाखवू नकोस, त्यांना तुला समजावत बसावं लागेल." म्हणून मी कोरड्या आवाजात सांगितलं. बेल्ट, चिवडा, सव्वीस मैल, सासरे, सगळं. काकू ओढणीच्या टोकाशी चाळा करत ऐकत होत्या. मला वाटलं, आता हाकलून देतील. द्यायला हवं होतं.

"म्हणजे मशीन चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

"एकदम चांगलं होतं, काकू."

"आणि मी ते विकायला लावलं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शप्पथ, आलं नव्हतं! मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो आणि ते कुणाच्या डोक्यावर जाणार ह्याचा विचारही केला नव्हता. "तुम्ही नाही काकू, मी. माझ्यामुळे..." मी बोलत राहिलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तू एकदा बोललास रे. मी तीन आठवडे रोज बोलत होते. आणि हे गप्प." मग म्हणाल्या, "लिहिणार आहेस ना त्यांच्यावर? मग हे लिही. माझं पण लिही."

म्हणून लिहिलं. माफी मागत नाही, ज्यांच्याकडे मागायची ते नाहीत. निघताना काकू मला गॅरेजमधून बाहेर सोडायला आल्या. त्यांची गाडी उजव्या भिंतीला इतकी चिकटून उभी होती की तिचं दार पुरतं उघडत नव्हतं, आणि डावीकडची सगळी फरशी मोकळी. तिथे सिमेंटवर स्कींच्या लोखंडी धारांनी ओढलेल्या दोन पांढऱ्या रेघा आहेत, दारापासून भिंतीपर्यंत. मी म्हटलं, "काकू, गाडी मधोमध लावत जा, अंग चोरून उतरावं लागतं तुम्हाला." त्या म्हणाल्या, "मशीन गेल्यावर दीड वर्ष हेही तसेच उतरत होते," आणि बटन दाबून दार वर घेतलं.