उजव्या मागच्या चाकाचा बोल्ट

वर्ध्यात माझं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडी एका अंगाला ओढते, टायर आतून झिजतो, स्टिअरिंग थरथरतं, असल्या तक्रारी घेऊन लोक थेट आर्वीहून येतात. मशीन आहे, पडद्यावर आकडे येतात, आकडा बरोबर असला की हिरवा होतो. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा मी. हे आज म्हणतोय. दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर त्याला मी पायरीवरूनच परत पाठवलं असतं.

तेव्हा कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठनं दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार आणली, वापरलेली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढतात, हिला मागची ढकलत होती. अशा गाडीत मागं काही बिनसलं की वळणावर शेपूट बाहेर पडतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. हिच्या मागच्या दांड्यांमधली रबरं फाटली होती. ती बदलायला मी शेठला पवनारला माझ्या उस्तादांच्या गॅरेजात पाठवलं. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. सत्तरी ओलांडली होती, बोटं थोडी थरथरायची, पण पाना हातात आला की थांबायची.

रबरं बदलून गाडी अलाइनमेंटला माझ्याकडे आली. उजव्या मागच्या चाकाचा आकडा थोडा हलवायचा होता. गाडी इतकी बुटकी की रॅम्पवर तिच्याखाली पाना फिरेना. दुकानात गर्दी, ऊन डोक्यावर, माझं डोकं आधीच तापलेलं. मी जॅक लावून मागची बाजू उचलली, बोल्ट ढिला केला, फिरवला, कसला, गाडी खाली घेतली. पडद्यावर सगळं हिरवं. चावी दिली.

आठ दिवसांनी शेठ परत आला. चेहरा उतरला होता.

“भाऊ, डाव्या हाताला वळवली का मागून सटकून राह्यली. धाम नदीच्या पुलाजवळ मरता मरता वाचलो.”

गाडीला हातही न लावता, चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, “उस्तादचं काम आहे ते, शेठ. वय झालं, हात थरथरते. मायं मशीन खोटं बोलत नाई.”

शेठला पटलं. सगळ्यांनाच पटलं. म्हातारा माणूस चुकतो हे पटायला आपल्या लोकांना पुरावा लागत नाही, आणि मशीन चुकलं हे सांगायला गेलं तर हसतात. दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली.

मग मी दोष शोधायला बसलो. आधी हवा तपासली. आमच्याकडच्या हवावाल्यांना प्रत्येक गाडी माणसं कोंबलेली जीपच वाटते. चारही टायर दगडासारखे फुगवलेले. हवा कमी केली, तरी डावीकडे वळताना शेपूट सुटायचंच. मग मागचे दोन्ही टायर अदलाबदल केले. दोष टायरात असता तर तो दुसऱ्या बाजूला गेला असता. नाही गेला. उजवं वळण लोण्यासारखं, डाव्या वळणाला गाडी आधी अडून बसायची आणि मग एकदम फेकायची. पवनारच्या रस्त्यावर त्या दिवशी मी किती चकरा मारल्या याची गणती नाही. खरं सांगायचं तर मजा येत होती. उस्तादांची चूक मी शोधतोय, याची मजा.

शेवटी गाडी सपाट जागी उभी करून टायर आणि पत्रा यांच्यातलं अंतर बोटांनी मोजलं. उजव्या मागच्या चाकावर दुसऱ्या बाजूपेक्षा अर्धं बोट जास्त. गाडी त्या कोपऱ्यावर उचलून धरल्यासारखी उभी होती. मी वाकून त्या चाकाचा बोल्ट पाहिला.

रबराचा बोल्ट कसताना गाडी तिच्या चाकांवर उभी असावी लागते. चाक अधांतरी लोंबत असताना कसला की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. मग गाडीचं वजन आलं की ते पिळून राहतं आणि चाकाला वर येऊ देत नाही. डाव्या वळणावर सगळा भार उजव्या मागच्या चाकावर येतो. ते दबायला तयार नाही, म्हणून शेपूट सुटतं. हे मला कुणी शिकवलं? उस्तादांनीच. ते तर शेवटचा पाना मारण्याआधी सीटवर सरकीच्या दोन गोण्या ठेवायचे, माणसं बसल्याएवढा भार यावा म्हणून. मी शिकत असताना त्या गोण्या उचलून आणायचो आणि पाठ फिरवून हसायचो.

गाडी चाकांवर उभी ठेवून, पाना लांब नळीत अडकवून मी तो बोल्ट ढिला केला. कट्ट असा आवाज झाला आणि गाडीचा तो कोपरा खाली बसला. तिथेच कसला. पुलाजवळच्या वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. त्या बोल्टला उस्तादांनंतर फक्त माझा हात लागला होता. दुकानात हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेठला मी म्हणालो, “झालं दुरुस्त. आधीच्यानं बिघडवलं होतं.”

दुसऱ्या दिवशी उस्ताद बसनं आले. दुकानात बसले नाहीत, उभेच राहिले.

“मायं काय चुकलं ते दाखव मले. लोक म्हणून राह्यले, मले आता दिसत नाई.”

तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. गिऱ्हाईक दूर होतं, ऐकायला कुणी नव्हतं. त्यांनी मला एक शिवी हासडली असती, फार तर एक थोबाडीत दिली असती, आणि मिटलं असतं. पण माझी जीभ भलतीच वळली.

“उजव्या चाकाचा बोल्ट, उस्ताद. अधांतरी कसला होता तुम्ही.”

माझीच चूक मी त्यांच्या पदरात घातली, अगदी बारकाव्यांसकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. आठवायचा प्रयत्न करत होते.

“गोण्या ठेवल्या होत्या ना मी?” त्यांनी मलाच विचारलं.

“ठेवल्या असतीन. मले काय माहीत?”

“विसरलो असन मंग.” त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “बरं झालं लेका, तुया नजरेत आलं. नाई तर शेठ जिवानिशी गेला असता.”

चहा न घेता गेले. महिन्याभरात त्यांनी गॅरेज बंद केलं. लोक विचारायचे, काऊन बंद केलं, तर म्हणायचे, आता भरोसा नाई. कुणावरचा भरोसा, ते सांगायचे नाहीत.

वर्ध्यापासून पवनार किती लांब? जाऊन खरं सांगून परत यायला तास पुरे. दोन वर्षांत तो तास मला मिळाला नाही. कारणं भरपूर आहेत आणि सगळी भिकार आहेत. आजही माझी पाटी तीच, मशीन तेच, आणि शेठ जिथे जाईल तिथे माझं कौतुक करतो. ते ऐकलं की अंगाला आग लागते, तरी मी मान डोलावतो.

परवा दुसऱ्याच कामावरून येताना पवनारात सायकलच्या दुकानापाशी उस्ताद दिसले. नातीची सायकल घेऊन उभे होते. सीट ढिली झाली होती. एका नटाचं काम, पाच वर्षांचं पोरही करील. दुकानदार पंक्चर काढण्यात गुंतला होता. पाना त्यांच्या पायाशीच पडला होता. त्यांनी तो उचलला नाही. सायकलचं हँडल धरून ते उन्हात आपला नंबर यायची वाट पाहत उभे राहिले.