देवीच्या गादीचा कापूस

माझी पाठ आजही दुखते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी चमत्काराची जाहिरात करायला बसलो आहे. संस्थानात सभेला परवानगी मिळत नसे, तेव्हा चोरून हातोहात फिरणारी पत्रके हीच माझी शाळा. ती वाचत वाढलो, पुढे लिहूही लागलो. अशाच एका गठ्ठ्यासह अंबडहून गावी येताना पोलीस मागे लागले. मी ओढ्याच्या दरडीवरून उडी टाकली आणि पाठीवर पडलो. गठ्ठा वाचला. कंबर मात्र कायमची धरली.

दुखणे सोसवत होते. झोप गेली ते सोसवेना. कूस बदलली की कळ उठे, डोळा लागला की तीच कळ जागे करी. दोन वर्षे असे चालले. लिहायला बसलो तर एकच ओळ तीनदा लिहिली जाई. शेवटी हकिमांनी अफूच्या गोळ्या दिल्या. अफूविरुद्ध मीच पत्रक लिहिले होते, आणि आता ती डबी माझ्या उशाशी होती. आठ दिवस मी ती उघडली नाही. नवव्या दिवशी सकाळी मायला म्हणालो, “आज घेणार.”

त्याच दिवशी देवळात गादीचे काम होते. घटस्थापनेआधी आमच्या गावची देवी आठ दिवस निजते. तिच्या गादीसाठी घरोघरचा मूठभर कापूस जमतो, बसतील ते सरकी काढतात आणि चांदभाई पिंजारी तो पिंजतो. त्या वर्षी गावात हिंदू-मुसलमान एकमेकांकडे संशयाने पाहत होते. मीही पाहत होतो. तरी चांदभाई आला होता.

“चल, सरकी काढू लाग,” माय म्हणाली.

“दगडाच्या देवीला गादीवर झोप, अन् मला न्हाई?”

“भांडायचं तर तिच्यासमोर जाऊन भांड. माझ्यासंगं कशाला?”

गेलो, भांडायलाच. पूजा करणारी म्हातारी गुरवीणबाई मला बघून हसली. “आले का पुढारी! पत्रक मंग वाटा, आधी सरकी काढा.” मी कापसाच्या ढिगाशेजारी खांबाला टेकून बसलो. चांदभाईच्या पिंजायच्या कमानीची तात, तिची ताणलेली दोरी, एकाच लयीत घुमत होती. चार मुठी कापसाची सरकी काढली असेल. त्यापुढचे मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पिंजलेल्या कापसावर, देवीच्याच गादीच्या कापसावर, आडवा होतो. गुडघ्यांखाली कुणीतरी कापसाची घट्ट वळकटी सरकवली होती. पाठ दुखत होती, पण दुरून दुखल्यासारखी. लाजेने मी गुरवीणबाईंच्या पायांशी वाकलो. म्हणालो, “मी तिची गादी बाटवली.”

“बाटती कशी? तिला निजायला आजून दोन दिस हायती. तुला आजच जल्दी व्हती.”

चांदभाई घामाने निथळत होता. माझ्याकडे न बघताच त्याने कमान खांद्याला लावली आणि निघून गेला.

घरी जाताना वाटेत मायने सांगितले. कापूस दुपारीच पिंजून झाला होता. लोक मला उठवायला आले, तेव्हा चांदभाई म्हणाला, “सोने दो उसकू. तात थांबली तर उठंल लेकरू.” वळकटीही त्यानेच केली. आणि मग माझ्या अंगाखाली नसलेला, पिंजून झालेलाच कापूस तो पुन्हा पुन्हा पिंजत राहिला, दिवस मावळेपर्यंत.

डबी मी दुसऱ्या दिवशी हकिमांना परत केली. तेव्हापासून गुडघ्यांखाली वळकटी घेऊन निजतो. बहुतेक रात्री झोप येते, एखाद्या रात्री येत नाही. नाही आली तर पूर्वीसारखा तिच्याशी झगडत नाही. तातीचा नाद आठवतो, पाठ टेकतो आणि बाकीचे देवीवर सोडतो. ज्याच्याकडे मी वाकड्या नजरेने पाहिले, त्याच्याच हातांनी तिने मला निजवले. यावर पत्रक लिहायला मी दोनदा बसलो, जमले नाही. भाद्रपदात सरकी काढायला मात्र आता सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो, आणि चांदभाईची कमान मीच धरून आत नेतो.