सीपीयूचं झबलं

आमच्या घरचा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त होऊन आलाय, हे मी कुणाला सांगत नसे. इथल्या, ग्वाल्हेरच्या दौलतगंजातला दुकानदार त्याला 'रिफर्बिश्ड' म्हणाला, नवरा 'सेकंडहँड' म्हणाला आणि सासूबाई सरळ 'वापरलेला' म्हणाल्या. तिघांत मला दुकानदाराचा शब्द आवडला, कारण आल्यागेल्यांपैकी निम्म्यांना तो कळत नाही.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, हल्ली बऱ्याचशा ऑनलाइन. मोबाइलवर मुलांची आकडेमोड दिसेना, म्हणून हा घेतला. "अंदर से एकदम नया है, भाभीजी," दुकानदार म्हणाला होता, आणि ते खरंच होतं. नवी डिस्क, वाढवलेली रॅम. घरी आणून मी त्यात हौसेनं अक्षरं मोठी केली, मराठी टायपिंग बसवलं, वॉलपेपरला मीच काढलेला किल्ल्याचा फोटो लावला. पण बाहेरून? सीपीयूच्या डब्यावर लाल रंगात कुणीतरी नंबर रंगवलेला, कोपऱ्याला पोचा, बाजूला एक जुनाट स्टिकर. तो मी खोबरेल तेल चोळून चोळून काढला, तर त्याच्या जागी लख्ख चौकोन उमटला आणि बाकीचा डबा आणखीच मळका दिसायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टेबल बैठकीच्या खोलीत; पालक चौकशीला आले की मी त्या नंबरासमोर खुर्ची ओढून बसायची.

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासरे गेल्यावर दौलतगंजातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत त्या एकट्याच राहत होत्या. मग गुडघ्यांना जिना झेपेना. एक पत्र्याची ट्रंक आणि आपले देव घेऊन त्या आल्या आणि आमच्या घरात पाहुण्यासारख्या वावरू लागल्या. "चहा करून घेऊ का गं?" "पंखा चालवून देऊ का?" स्वतःच्याच देवांपाशी दिवा लावायलाही विचारायच्या. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला ते गोडच वाटलं. मग वैताग यायला लागला. माझा वैताग लपत नाही, आणि तो दिसला की त्या आणखी विचारायच्या.

एका दुपारी मी बाड्यावरच्या बाजारातून भाजी घेऊन परतले, तर टेबलावरचा सीपीयू नटून बसलेला. सासूबाईंच्या जुन्या चंदेरीचं आवरण, आत सासऱ्यांच्या मऊ धोतराचे थर, वर गोधडीसारखे लाल दोऱ्याचे बारीक टाके. पुढे बटणापुरती खिडकी, मागे तारांसाठी चिरा, म्हणजे काढ-घाल करायलाच नको. माप त्यांनी वितीनं घेतलं होतं आणि ते अगदी चपखल बसलं होतं.

"विचारलं नाही हं तुला," त्या जरा घाबरतच म्हणाल्या. "धूळ बसते गं त्याच्यावर. आणि तो नंबर तुला आवडत नाही ना, तो पण झाकून जातो."

माझी खुर्ची ओढण्याची कसरत त्यांनी पाहिली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांना चक्क मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही. संध्याकाळी नवरा आला आणि म्हणाला, "अरे वा, सीपीयूचं झबलं!" तेच नाव पडलं.

त्या दिवसापासून विचारणं थांबलं. दुसऱ्याच आठवड्यात माझे डबे त्यांनी आपल्या हिशोबानं लावले, दूधवाल्याला पाण्यावरून झापलं, आणि संध्याकाळी माझी शिकवणी चालू असताना मागून उदबत्तीचा वास यायला लागला. घर त्यांचं झालं होतं, आणि ते एका झबल्यानं झालं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून आता काही बहाणा उरत नाही.

मग उन्हाळा आला. ग्वाल्हेरचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. कॉम्प्युटर शिकवणीच्या मध्येच बंद पडू लागला. समीकरण अर्धं सोडवलेलं, आणि पडदा काळा. मुलं खूश, मी लाल. झबलं काढून बघावं हे डोक्यातही आलं नाही. आमच्या घरांत टीव्हीला टोपरं, मिक्सरला परकर, शिलाई मशीनला झालर. वस्तू जपायची म्हणजे झाकायची. झाकल्यानं कुणाचा जीव घुसमटतो हे कोणाला सुचणार? मी सरळ निष्कर्ष काढला की दुकानदारानं फसवलं.

झबलं काढून ठेवलं, डबा उचलला, ऑटो बोलावली. "मी पण येते," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवस झाले, आपली गल्ली नाही बघितली." इस्त्रीचं लुगडं नेसल्या, पदराला पिन लावली.

दुकानात शिरताच दुकानदारानं हात जोडले. "अरे काकीजी! आइए, बैठिए." त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. दोनतीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातले एक गृहस्थ त्यांच्या जुन्या शेजारातले. त्यांनीही नमस्कार केला. सासूबाई माहेरी आल्यासारख्या खुलल्या.

आणि मी तोफ डागली. "आपने हमको कबाड़ पकड़ा दिया है!" पुढचं सगळं लिहीत नाही.

दुकानदारानं ऐकून घेतलं. डबा उघडला, आत पाहिलं. "भाभीजी, गरम हो के बंद हो रही है. हवा नहीं मिल रही इसको. ऊपर से कपड़ा-वपड़ा तो नहीं ढकते आप लोग?"

त्याच क्षणी मला सगळं कळलं. आणि त्याच क्षणी सासूबाईंनी हसऱ्या चेहऱ्यानं मान वर केली. "हाँ, वो तो मैंने..."

"कपड़ा?" मी त्यांना तोडत आवाज चढवला. "हम लोग गँवार हैं क्या, जो मशीन को कपड़े पहनाएँगे?"

गिऱ्हाइकं हसली. ते शेजारचे गृहस्थही हसले. सासूबाईंचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मी घाबरले होते. एवढा आरडाओरडा करून चूक आपल्याच घरची निघतेय, हे त्या चार लोकांना कळू नये, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी कुणाला गावंढळ म्हटलं, ते म्हणताना मला पक्कं माहीत होतं.

दुकानदारानं चिमट्यानं मागच्या जाळीतून धूळ काढली. तिच्यात लाल दोऱ्याचा एक तुकडा होता. तो त्यानं काउंटरवर ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "साफ कर दी है. चलेगी." सासूबाईंनी तो दोरा हळूच उचलला आणि बोटाला गुंडाळला.

परतताना ऑटोत डबा आमच्या दोघींच्या मध्ये होता. प्रत्येक खड्ड्याला त्या त्याच्यावर हात ठेवत होत्या. 'चुकलं' म्हणायचं तर तेव्हाच म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "किती ऊन आहे." त्या म्हणाल्या, "हो ना."

घरी मी पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात टेबलावरचं झबलं नाहीसं झालं होतं. तारा जोडल्या, शिकवणी घेतली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मशीन नीट चाललं म्हणून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धीर केला. "आई, काल दुकानात मी जे बोलले..."

"अगं, मशीनला हवा पाहिजेच," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मला काय कळतं त्यातलं."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी म्हटलं, मशीन बंद असताना घालत जाऊ झबलं. "नको गं," त्या म्हणाल्या. "काढायचं राहून गेलं तर?"

झबलं आता त्यांच्या ट्रंकेवर असतं. तिला ते आखूड पडतं. बटणासाठी केलेल्या खिडकीतून गंजलेला पत्रा दिसतो. इकडे सीपीयू उघडाच आहे, लाल नंबर दारातूनच वाचता येतो. मी खुर्ची ओढत नाही. उलट पालकांना आपणहून सांगते की कॉम्प्युटर जुना आहे. ते "अच्छा" म्हणतात आणि शिकवणीची वेळ विचारतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि पूर्वीही वाटलं नसतं. हे कळल्यापासून मला जास्तच लाज वाटते.

संध्याकाळी शिकवणी चालू असते, तेव्हा सासूबाई हातात काड्यापेटी घेऊन येतात. कॅमेऱ्यात आपण दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून उभ्या राहतात. मी बघेपर्यंत थांबतात. मग अगदी हळू विचारतात, "दिवा लावून घेऊ का गं?"

देव त्यांचे, समई त्यांची, वातीही त्यांनीच वळलेल्या. मी माइक बंद करते आणि म्हणते, "लावा ना, आई." मग त्या लावतात.